नव्या मोटारीची कुरकूर आणि विक्रेत्याची जबाबदारी

यंत्राला जीभ नसते, पण आवाज असतो. यंत्र सुरळीत चालत असलें म्हणजे त्याचा आवाज एकसारखा असतो, आणि त्यांत कोठें बिघाड झाला कीं पहिली वर्दी कानालाच मिळते. ही गोष्ट खानदेशच्या शेतकऱ्याला मोटार येण्यापूर्वीं कित्येक पिढ्या ठाऊक होती. कापसाच्या हंगामांत भरलेल्या बैलगाड्या बाजाराच्या वाटेला लागत. एखाद्या गाडीचें चाक कुरकुरूं लागलें, तर गाडीवान खालीं उतरून आसाला वंगण घाली. वंगण घालूनही कुरकूर थांबली नाहीं, तर तुंबा झिजला, आरा ढिला झाला किंवा धाव सैल झाली असें तो ओळखी आणि गाडी सुताराच्या दाराशीं नेऊन उभी करी.

हा सुतार त्याच गांवचा असे, आणि बहुधा ती गाडी त्यानेंच घडविलेली असे. सुगीच्या वेळीं खळ्यावरून त्याला धान्याचें बलुतें मिळे, तें वर्षभराच्या कामाचा मोबदला म्हणून. त्यामुळें चाक बोलतें एवढेंच सांगितलें तरी त्याला पुरे होई. पावती, करार, साक्षीपुरावा यांपैकीं कशाचीही गरज पडत नसे. या जुन्या व्यवस्थेचें गुणगान करण्याचें कारण नाहीं. तिच्यांत जातीची बेडी होती, आणि कारागिराला आपल्या कामाचा भाव आपण ठरवितां येत नव्हता. परंतु एका बाबतींत ती स्पष्ट होती. वस्तु घडविणारा, ती हवालीं करणारा आणि ती दुरुस्त करणारा हा एकच माणूस होता. म्हणून दोष कोणाचा हा प्रश्न उद्भवत नसे. मोटारीचा इतिहास हा एका अर्थीं या तिघांच्या ताटातुटीचा इतिहास आहे, आणि ग्राहकाच्या हक्कांचा इतिहास हा त्या तिघांना पुन्हां जबाबदार धरण्याच्या खटपटीचा इतिहास आहे.

खानदेश हा रस्त्यांचा मुलूख आहे. मुंबई–आग्रा मार्ग धुळ्यावरून सोनगीर, शिरपूर करीत सातपुड्याकडे जातो. सुरत–नागपूर मार्ग साक्री, धुळें, पारोळें, एरंडोल, जळगांव, भुसावळ असा पूर्वेकडे धांवतो. पेशवाई बुडाल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें धुळ्यास जिल्ह्याचें ठाणें केलें. १८६० नंतरच्या दशकांत आगगाडी भुसावळपर्यंत आली. १९०६ सालीं खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले; महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर त्यांनाच जळगांव व धुळें हीं नांवें मिळालीं, आणि १९९८ सालीं धुळें जिल्ह्यांतून नंदुरबार हा नवा जिल्हा निघाला. जेथें दोन मोठे मार्ग एकमेकांना छेदतात, तेथें वाहनांचा व्यापार वाढावा हें ओघानेंच आलें.

मोटार मात्र खानदेशांत घडली नाहीं. ती दुरून आली. १९२६ मध्यें फोर्ड कंपनीनें हिंदुस्थानांत आपली शाखा काढली, आणि १९२८ मध्यें जनरल मोटर्सनें मुंबईस शिवडी येथें गाड्या जुळविण्यास आरंभ केला. सुटे भाग समुद्रापलीकडून येत, मुंबईंत जोडले जात, एजंटामार्फत विकले जात आणि बिघडले म्हणजे एखाद्या हिकमती मिस्त्रीच्या हातीं पडत. कारखानदार एका खंडांत, विक्रेता एका शहरांत, मिस्त्री तिसऱ्या ठिकाणीं आणि आवाज ऐकणारा मालक आपल्या घरीं! गाडीवानाला जें सुताराच्या दारांत मिळे, तें आतां कोणाकडे मागावें हेंच मालकाला कळेनासें झालें.

आवाजाची ही तक्रार इतकी अवघड कां, हें समजण्यासाठीं गाडीच्या पोटांत थोडें डोकावलें पाहिजे. हातानें गिअर बदलण्याच्या मोटारींत इंजिन व चाकें यांच्यामध्यें क्लच आणि गिअरची पेटी असते. इंजिन कांहीं मर्यादित वेगांतच पुरेसा जोर देतें. म्हणून चढावर, गर्दींत व मोकळ्या रस्त्यावर दंतचक्रांच्या निरनिराळ्या जोड्या वापराव्या लागतात. १८९० नंतर फ्रान्समधील पानार व लव्हासोर यांच्या कारखान्यानें सरकत्या दंतचक्रांची रीत रूढ केली. तींत एक चक्र दुसऱ्यांत घुसवितांना दांतावर दांत आपटत आणि मोठा खडखडाट होई. चालकाला क्लच दोनदां दाबून व इंजिनाचा वेग अंदाजानें जुळवून गिअर बदलावा लागे. १९२८ सालीं अमेरिकेच्या कॅडिलॅक गाडींत सिंक्रोमेश नांवाची योजना आली. तींत दांत गुंतण्यापूर्वीं शंकूच्या आकाराचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात व दोन्ही भागांचा वेग सारखा होतो. पुढें दांत तिरपे कापण्याची पद्धत सार्वत्रिक झाली आणि गिअरपेटी आणखी मूक झाली. सुधारणेचा परिणाम मात्र दुहेरी झाला. ज्या काळीं गाडीच खडखडत असे, त्या काळीं लहानसा आवाज कोणाला ऐकूं येत नव्हता. गाडी शांत झाली, तशी बारीक कुरकूरही कानाला खुपूं लागली.

जाणता मिस्त्री या आवाजांची भाषा ओळखतो. क्लच दाबतांच जो आवाज सुरू होतो, त्याचा संशय क्लच सोडविणाऱ्या बेअरिंगवर जातो. उलट गाडी उभी, गिअर मोकळा आणि क्लच सोडलेला असतां जी घरघर येते व क्लच दाबतांच थांबते, ती गिअरपेटींत शक्ति आणणाऱ्या दांड्याच्या बेअरिंगची असण्याचा संभव असतो. एकाच गिअरमध्यें उठणारा चिरका सूर त्या जोडीच्या दांतांकडे बोट दाखवितो. इंजिनाच्या वेगाशीं संबंध न ठेवतां गाडीच्या वेगाबरोबर वाढणारी गुणगुण बहुधा चाकाच्या बेअरिंगची किंवा टायरची असते. पूर्ण वळण घेतांना येणारी टकटक पुढच्या चाकांना शक्ति पोंचविणाऱ्या सांध्याची असूं शकते. मात्र मागें जाण्याच्या गिअरचा सूं-सूं आवाज पुष्कळ गाड्यांत स्वाभाविक असतो, कारण त्याचे दांत सरळ कापलेले असतात. म्हणजे प्रत्येक आवाज हा दोष नव्हे. परंतु प्रत्येक आवाजाला कारण असतें आणि तें शोधून काढतां येतें.

असें असूनही नव्या गाडीचा मालक तक्रार घेऊन गेला म्हणजे त्याला तीन उत्तरें हटकून मिळतात. पहिलें उत्तर, असा आवाज सर्वच गाड्यांना येतो. दुसरें, गाडी नवी आहे, थोडी चालवा, आवाज आपोआप बसेल. तिसरें, आमच्या माणसानें गाडी फिरवून पाहिली, त्याला कांहींच ऐकूं आलें नाहीं. यांतील दुसऱ्या उत्तराला इतिहासाचा आधार आहे. जुन्या काळच्या इंजिनांत नवे भाग एकमेकांशीं घासून गुळगुळीत व्हावे लागत. म्हणून पहिले कांहीं शें मैल गाडी हळू चालविण्याची ताकीद कारखानदार स्वतःच देत. तो काळ गेला, तरी तें वाक्य विक्रेत्याच्या ओठीं राहिलें. ज्या बेअरिंगमध्यें दोष आहे तें चालवून बसत नाहीं. चालवून तें अधिक बिघडतें, आणि तोंपर्यंत हमीची मुदत संपत येते. तिसऱ्या उत्तराची गोष्ट निराळी आहे. कांहीं आवाज सकाळीं इंजिन थंड असतांनाच येतात, कांहीं विशिष्ट वेगालाच येतात, कांहीं पांच माणसें बसलीं म्हणजेच येतात. दुपारीं तापलेली गाडी एकट्या मिस्त्रीनें आवाराभोंवतीं फिरविली, तर त्याला तो ऐकूं येणार नाहीं, आणि तो खोटेंही बोलत नसेल.

आतां कायद्याकडे वळूं. हिंदुस्थानांत मालविक्रीचा स्वतंत्र कायदा १९३० सालीं झाला व तो त्याच वर्षीं १ जुलैपासून अंमलांत आला. घेणारानें सावध राहावें, हें इंग्रजी व्यापाराचें जुनें सूत्र त्याच्या सोळाव्या कलमाच्या मुळाशीं आहे. माल विक्रीयोग्य असलाच पाहिजे, अशी गर्भित अट त्या कलमांत आहे खरी; परंतु माल घेतांना तपासला असेल, तर त्या तपासणींत जो दोष दिसावयास हवा होता त्याबद्दल मागाहून बोलतां येत नाहीं. शिवाय विशिष्ट व्यापारी नांवानें ओळखला जाणारा माल त्या नांवानेंच मागून घेतला, तर तो अमुक एका कामाला उपयोगी पडेल अशी गर्भित हमी धरली जात नाहीं. मोटार ही नेहमीं नांवानेंच विकली जाते! या कायद्यानें दिवाणी न्यायालयाचें दार उघडें ठेवलें. पण त्या दारापर्यंत पोंचण्यासाठीं वकील, कोर्ट फी आणि वर्षानुवर्षांचा धीर लागे. एका बेअरिंगसाठीं एवढा खटाटोप कोण करणार?

दुसरी अडचण याहून खोल होती. ग्राहकाचा करार विक्रेत्याशीं. कारखानदाराशीं त्याचा कसलाच करार नाहीं. म्हणून कारखानदार म्हणे, आम्ही या गृहस्थाला ओळखतच नाहीं. या भिंतीला पहिलें मोठें भगदाड अमेरिकेंत पडलें, आणि तें एका मोटारीच्या लांकडी चाकामुळें. मॅक्फर्सन नांवाच्या गृहस्थानें विक्रेत्याकडून ब्यूक गाडी घेतली होती. तिच्या एका चाकाचे आरे कच्च्या लांकडाचे निघाले. चाक मोडलें व मालक जखमी झाला. चाक दुसऱ्याच कारखान्यांत झालें होतें, आणि ब्यूक कंपनीनें गाडी विकली होती ती विक्रेत्याला. तरीही १९१६ सालीं न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयांत न्यायमूर्ति कार्डोझो यांनीं निर्णय दिला कीं, जी वस्तु निष्काळजीपणें घडविली असतां जिवाला धोका होणार, तिच्या निर्मात्याची जबाबदारी विक्रेत्यापाशीं संपत नाहीं. १९३२ सालीं इंग्लंडच्या लॉर्ड सभेनें डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन या खटल्यांत हेंच तत्त्व मान्य केलें.

आवाजाशीं अधिक निकटचा खटला १९६० चा आहे. न्यू जर्सींतील हेनिंग्सन दांपत्यानें मे १९५५ मध्यें नवी प्लिमथ गाडी घेतली. अवघ्या दहा दिवसांनीं बाई गाडी चालवीत असतां पुढच्या भागाखालून मोठा आवाज झाला, सुकाणूचें चक्र हातांतून फिरलें आणि गाडी भिंतीवर जाऊन आदळली. विक्रीच्या कागदाच्या पाठीमागें बारीक अक्षरांत छापलें होतें कीं, कंपनीची जबाबदारी नव्वद दिवस किंवा चार हजार मैल यांपैकीं जें आधीं संपेल तोंपर्यंतच, आणि तीही सदोष भाग बदलून देण्यापुरतीच. सर्वच कंपन्या तसाच छापील कागद पुढें करीत असल्यामुळें ग्राहकाला निवडीला वावच नव्हता. न्यायालयानें ती अट झुगारून दिली आणि कारखानदार व विक्रेता या दोघांनाही जबाबदार धरलें. छापील कागदावर सही झाली एवढ्यानें न्याय संपत नाहीं, हा या निकालाचा धडा.

इकडे हिंदुस्थानांत चित्र वेगळें होतें. १९४२ सालीं हिंदुस्थान मोटर्स आणि १९४४ सालीं वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली, व मुंबईजवळ कुर्ल्याच्या कारखान्यांतून गाड्या बाहेर पडूं लागल्या. देशांत मोटार व्हावी ही आकांक्षा मोठी होती व योग्यही होती. १९५३ सालच्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर ज्यांचा निर्मितीचा कार्यक्रम नव्हता अशा परदेशी कंपन्यांना गाशा गुंडाळावा लागला. जनरल मोटर्स १९५४ मध्यें गेली. राहिल्या मोजक्या कंपन्या, मोजक्या गाड्या आणि लांबच लांब यादी. नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहणारा माणूस गाडी हातीं आल्यावर तिच्या कुरकुरीबद्दल कोणत्या तोंडानें बोलणार? त्यानें गाडी नाकारली, तर मागचा मनुष्य ती आनंदानें घेईल, हें विक्रेत्याला ठाऊक होतें. १९६७ सालीं मोटारींच्या दर्जाची चौकशी करण्यासाठीं केंद्र सरकारला स्वतंत्र समिती नेमावी लागली, यावरूनच तक्रारींचें मान ध्यानांत यावें. त्या काळीं धुळें–जळगांवच्या मालकाला खरा आधार होता तो मिस्त्रीचा. विक्रेत्याकडे हेलपाटे घालण्यापेक्षां चार पैसे मोजून मिस्त्रीकडून काम करून घेणें त्याला परवडे. आणि अशा रीतीनें कारखान्याच्या दोषाचा भुर्दंड मालकाच्या खिशांतून भरला जाई.

ही सोसण्याची संवय मोडण्याच्या कामीं महाराष्ट्राचा वांटा मोठा आहे. १५ मार्च १९६२ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनीं आपल्या संसदेला पाठविलेल्या संदेशांत ग्राहकाचे चार हक्क सांगितले: सुरक्षितता, माहिती, निवड आणि आपलें म्हणणें ऐकून घेतलें जाणें. इकडे १९७४ सालीं पुण्यास बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, आणि १९७५ सालीं मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. ग्राहक हा केवळ घासाघीस करणारा गिऱ्हाईक नसून त्याला संघटित शक्ति आहे, हा विचार या चळवळीनें मराठी घरांत नेला. पुढें २४ डिसेंबर १९८६ रोजीं ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमति मिळाली. तोच दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो.

या कायद्यानें जिल्हा, राज्य व राष्ट्र अशा तीन पायऱ्यांची न्यायव्यवस्था निर्माण केली. जिल्हा मंचांत एक अध्यक्ष व दोन सदस्य, त्यांपैकीं एक स्त्री, अशी रचना ठरली. ग्राहकाला स्वतः उभें राहून आपली बाजू मांडण्याची मुभा मिळाली. डोळ्यांना न दिसणारा दोष असेल, तर वस्तु योग्य प्रयोगशाळेकडे पाठवून अहवाल मागविण्याची तरतूद झाली. मोटारींच्या बाबतींत ही तरतूद फार मोलाची ठरली. कारण आवाजाचा वाद हा शेवटीं माझा कान खरा कीं तुझा, असा वाद असतो, आणि तो तिसऱ्या जाणत्या कानावांचून मिटत नाहीं. देशांतील मोटारउद्योगाची संशोधनसंस्था १९६६ पासून पुण्यासच आहे, ही गोष्ट येथें आठवण्याजोगी आहे.

न्यायालयांनीं हा प्रश्न कसा सोडविला, हें तीन निकालांवरून दिसतें. २००६ सालीं मारुती उद्योगच्या एका प्रकरणांत राष्ट्रीय आयोगानें संपूर्ण गाडी बदलून देण्याचा हुकूम केला होता. सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला. हमीच्या अटींप्रमाणें कंपनीवर सदोष भाग दुरुस्त करण्याचें किंवा बदलण्याचें बंधन आहे, सबंध गाडी बदलण्याचें नाहीं, असें न्यायालयानें म्हटलें. दुसरें प्रकरण फियाट इंडियाचें, नोव्हेंबर २०१० मधील. एका ग्राहकाच्या नव्या गाडींत आवाजाची तक्रार होती. कंपनीनें इंजिन बदलून दिलें, तरी तक्रार मिटली नाहीं. इंजिन व गिअरपेटी यांच्या आवाजाखेरीज गाडी निरुपयोगी व्हावी असा दुसरा मोठा दोष नाहीं, असें न्यायालयानें नमूद केलें. तथापि तेवढ्यावर ग्राहकाला परत पाठविलें नाहीं. स्वतंत्र तज्ज्ञानें गाडी तपासावी, आणि मूळ घडणींतच दोष आहे असें त्याचें मत पडल्यास ग्राहकास गाडीची किंमत शेंकडा बारा टक्के व्याजानें परत मिळावी, असा आदेश झाला. तिसरें प्रकरण गोव्याचें, फेब्रुवारी २०२१ मधील. तेथें २०११ सालच्या नव्या गाडीऐवजीं २००९ सालची, आधीं चाललेली गाडी विक्रेत्यानें ग्राहकाच्या गळ्यांत मारल्याची तक्रार होती. कारखानदार टाटा मोटर्सला या व्यवहाराची माहिती होती असें सिद्ध झालें नाहीं, आणि विक्रेत्याशीं त्याचा व्यवहार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला होता. म्हणून विक्रेत्याच्या कृत्याबद्दल कारखानदाराला जबाबदार धरतां येणार नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें दिला.

या तिन्ही निकालांचा एकत्र विचार केला, तर एक व्यवहारी निष्कर्ष निघतो. घडणीचा दोष कारखानदाराच्या माथीं, विक्रींतील लबाडी वा सेवेंतील हयगय विक्रेत्याच्या माथीं. आणि कोणता प्रकार आहे हें आरंभीं कळत नसेल, तर दोघांनाही सामील करणें शहाणपणाचें. दुसरें असें कीं, आवाज येतो म्हणून नवी गाडीच द्या, ही मागणी सहसा टिकत नाहीं. आवाजाचें कारण शोधून भाग बदलून द्या, आणि वारंवार प्रयत्न करूनही तो गेला नाहीं तर तज्ज्ञाकडून तपासणी करा, ही मागणी टिकते.

१९८६ च्या कायद्याची जागा २०१९ च्या कायद्यानें घेतली व तो २० जुलै २०२० पासून अंमलांत आला. खानदेशच्या दृष्टीनें त्यांतील सर्वांत महत्त्वाचा बदल स्थळाचा आहे. पूर्वीं तक्रार करावयाची ती जेथें विरुद्ध पक्षाचें ठाणें वा शाखा असेल, किंवा जेथें तक्रारीचें कारण घडलें असेल तेथें. शिरपूरच्या किंवा चोपड्याच्या कुटुंबानें नाशिक वा पुण्याहून गाडी घेतली, तर तारखांसाठीं बहुधा तिकडेच खेपा घालाव्या लागत. आतां ग्राहक जेथें राहतो किंवा नोकरीधंदा करतो तेथील जिल्हा आयोगाकडे जाऊं शकतो. म्हणजे शिरपूरकराला धुळें पुरतें व चोपडेकराला जळगांव पुरतें. डिसेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणें ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगापुढें चालते. पांच लाखांपर्यंत फी नाहीं, दहा लाखांपर्यंत दोनशें रुपये, वीस लाखांपर्यंत चारशें रुपये. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत केली पाहिजे. सदोष वस्तूमुळें इजा वा नुकसान झाल्यास निर्माता व विक्रेता यांच्या उत्तरदायित्वाचें स्वतंत्र प्रकरणच या कायद्यांत आहे. आयोगापर्यंत न जातां सल्ला हवा असेल, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणी आहे.

परंतु कायदा कितीही चांगला असला, तरी तो पुराव्यावर चालतो, आणि आवाज हा पुराव्याच्या दृष्टीनें फार अभागी आहे. तो उठतो आणि विरतो. येथें धुळ्याचाच एक थोर वारसा उपयोगीं पडण्यासारखा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं धुळ्यास वास्तव्य केलें व ३१ डिसेंबर १९२६ रोजीं तेथेंच देह ठेवला. दुसऱ्याच वर्षीं त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ उभें राहिलें. ऐकीव गोष्टींवर इतिहास उभा राहत नाहीं, तो अस्सल कागदावर उभा राहतो, हें सांगण्यासाठीं त्यांनीं गांवोगांव हिंडून दप्तरें गोळा केलीं. मोटारमालकानेंही हीच शिस्त पाळावी. आवाज प्रथम कोणत्या तारखेला आला, गाडी तेव्हां किती किलोमीटर चालली होती, कोणता गिअर, कोणता वेग, क्लच दाबलेला कीं सोडलेला, इंजिन थंड कीं तापलेलें, हें वहींत टिपावें. हल्लीं खिशांतील फोनवरही आवाज नोंदवितां येतो. सर्व्हिस स्टेशनमध्यें गाडी देतांना जॉब-कार्डावर आपली तक्रार आपल्याच शब्दांत लिहून घ्यावी. सामान्य तपासणी एवढेंच लिहिलेल्या कागदावर सही करूं नये. कारण पुढें तोच कागद आवाजाची तक्रार केलीच नव्हती असें सांगूं लागतो. दुरुस्तीनंतर काय बदललें त्याची नोंद मागावी. तोंडी आश्वासन मिळालें, तर त्याच दिवशीं त्याचा उल्लेख करून पत्र धाडावें.

मिस्त्रीला शेजारीं बसवून, ज्या रस्त्यावर व ज्या वेळीं आवाज येतो तेथें गाडी चालवून दाखवावी, हें सर्वांत उत्तम. असा आवाज सर्वच गाड्यांना येतो असें उत्तर मिळाल्यास, विक्रेत्याकडील त्याच बनावटीची दुसरी गाडी त्याच रस्त्यावर चालवून पाहण्याची विनंति करावी. दोन्ही गाड्यांचा आवाज सारखा निघाला, तर मालकाची शंका फिटते. वेगळा निघाला, तर विक्रेत्याचें उत्तर संपतें. दोघांच्याही हिताची अशी ही परीक्षा आहे आणि तिला खर्च जवळजवळ कांहींच नाहीं.

विक्रेत्याची बाजूही पाहिली पाहिजे. प्रत्येक तक्रार खरी नसते. डब्यांत ठेवलेल्या एखाद्या नाण्याचा खुळखुळाट, सैल बसविलेली बाहेरची जोडणी, क्लचवर सतत पाय ठेवण्याची मालकाची खोड, यांतूनही आवाज जन्मतात, आणि त्यांचें खापर कारखान्यावर फुटतें. हमीखालीं केलेल्या कामाचे पैसे विक्रेत्याला कंपनीकडून मागून घ्यावे लागतात. कंपनीनें तें काम नाकारलें, तर तोटा त्याचा. म्हणूनच गिअरपेटी उघडण्यास तो कां कूं करतो. परंतु ही अडचण कंपनी व विक्रेता यांच्यामधली आहे. तिचें ओझें त्या गृहस्थावर टाकणें अन्यायाचें होय, ज्यानें पूर्ण किंमत आगाऊ मोजली आहे आणि ज्याचा कर्जाचा हप्ता आवाज येवो न येवो दरमहा ठरल्या तारखेला वळता होतो.

या प्रश्नाचें खरें गांभीर्य येथें आहे. शिक्षक, कारकून, लहान दुकानदार, केळीचा बागाइतदार यांच्या घरांत गाडी ही पुष्कळदां आयुष्यांतील घराखालोखालची मोठी खरेदी असते. तिची कुरकूर ऐकून मनुष्य प्रथम गाडीवरचा विश्वास गमावतो, मग विक्रेत्यावरचा, आणि अखेरीस दाद मागून कांहीं उपयोग होतो यावरचाच विश्वास त्याला राहत नाहीं. हा तिसरा तोटा सर्वांत मोठा आहे, कारण तो एका घरापुरता राहत नाहीं. आयोगांकडील प्रकरणें कायद्यांत सांगितलेल्या मुदतींत नेहमींच निघत नाहींत, हें खरें आहे. तरीही ज्याच्यापाशीं तारीखवार कागद आहेत, त्याची तक्रार पुष्कळदां आयोगापर्यंत जाण्याची वेळच येत नाहीं. नीट लिहिलेलें एक पत्र व्यवस्थापकाच्या टेबलावर पडलें, कीं ज्या आवाजाकडे आधीं दुर्लक्ष झालें होतें तो ऐकण्यासाठीं मुख्य मिस्त्री स्वतः गाडींत येऊन बसतो. केनेडींनीं सांगितलेला चौथा हक्क, आपलें म्हणणें ऐकून घेतलें जाण्याचा, खानदेशच्या रस्त्यावर प्रत्यक्षांत येतो तो असा.